चोवीस फोटोंची यादी

पुतणीचं लग्न ठरलंय. येत्या मे महिन्यात, इथेच बाळापूरला. आचारी, मांडव, पत्रिका असं एकेक ठरत गेलं आणि परवा फोटोग्राफर घरी आला. त्याचा पहिलाच प्रश्न, "काका, प्री-वेडिंग कुठे करायचं?" पुतणीचं उत्तर तयार होतं, "छत्रीवर!"

ज्यांनी बाळापूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीकाठी काळ्या दगडाची एक देखणी छत्री आहे. ती मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाते. १६६५ साली शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे तेच हे जयसिंग. शिवाय मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये उंचावर आमचा विटांचा किल्ला. एलिचपूरचा नवाब इस्माईल खान यानं तो १७५७ मध्ये पूर्ण केला. फोटोला जागांची कमी नाही. परवानगी लागते का तेवढं आधी विचारून ठेवा, असं मी पोराला सांगितलं.

पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. फोटोग्राफर गेल्यावर मी कपाटातून आबाजींची जुनी खातेवही काढली. १९६७ साली याच घरासमोर माझ्या आत्याचं लग्न झालं. मांडवाचे बांबू, तेलाचे डबे, बँडवाल्यांचा विसार, सगळा हिशोब त्यात आहे. आणि एका पानावर मथळा आहे, 'फोटो'. खाली एक ते चोवीस आकडे, प्रत्येक आकड्यापुढे नावं.

चोवीसच का? कारण रोल दोन सांगितले होते. अकोल्याहून येणाऱ्या फोटोग्राफरकडे दोन भिंगांचा, वरून डोकावून बघायचा कॅमेरा होता. त्याच्या एका रोलवर चौकोनी बारा फोटो निघत. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, पुढच्या फोटोला नवा. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली होती, पण तिचा 'इंदू' रोल हाताशी आला तरी फोटो ही चैनच होती. म्हणून आबाजींनी आठ दिवस आधी बसून यादी केली. नियोजन वगैरे शब्द त्यांना ठाऊक नसतील, पण काम नियोजनाचंच.

त्याआधी तर लग्नाचा फोटो लग्नात निघतच नसे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी तिचे सभासद होते. पण तेव्हाची काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची, म्हणजे अंधारी खोली जवळच हवी. अंतरपाट दूर होण्याचा क्षण त्यात कसा सापडणार? जोडप्यानं स्टुडिओत जायचं, खुर्चीवर बसायचं, हलायचं नाही. पुढे कोरड्या काचा आल्या, रोल आले, तेव्हा कुठे कॅमेरा मांडवात आला.

तर ती यादी. १ गणपतीपूजन. २ सीमांतपूजन. ५ अंतरपाट. ९ सप्तपदी. मग व्याही, विहिणी, गावातली प्रतिष्ठित मंडळी, चुलत घराणं, आणि २४ पाठवणी. आबाजींनी कुणाला विसरलं नाही. गावच्या सरपंचालाही नाही.

एक नाव मात्र त्यात नाही. आत्याआजीचं.

आत्याआजी म्हणजे आबाजींची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. लग्नाच्या दोन महिने आधीपासून पापड, कुरडया, शेवया, सगळं तिच्या हातचं. पंगतीचा अंदाज तिचा. रुखवत तिनं मांडलं. पण नवरीला हळद लावायला तिचा हात चालत नव्हता.

मी आत्याला फोन केला. आता ती ऐंशीच्या घरात आहे. म्हणाली, "अरे, मी बोलावलं होतं तिला. तर मलेच रागावली. म्हणे, मले काहाले बोलावतं फोटूत? मंगल कार्य हाय, तुह्या फोटूत मी नाई पाह्यजे."

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दादासाहेब फाळक्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला होता. कॅमेऱ्यानं माणसाचं आयुष्य कमी होतं अशी तेव्हा लोकांत समजूत होती. आमच्या घरात भीती उलटी होती. कॅमेऱ्यामुळे माणसाला नव्हे, माणसामुळे फोटोला अपशकुन व्हायचा.

रात्री मी चोवीसही फोटो भिंगाखाली पाहिले. अकराव्या फोटोत, पंगतीच्या मागे, खांबाआड एक हात दिसतो. हातात गडू, मनगट उघडं, बांगडी नाही. चेहरा नाही. आत्याआजीचा एवढाच फोटो आमच्याकडे आहे.

पुढे साधनं वाढली. माझं लग्न १९९१ चं, छत्तीस फोटोंचे रंगीत रोल. पण एक रोल आत नीट अडकलाच नव्हता, आकडा पुढे सरकत राहिला आणि फिल्म जागच्या जागी. मंगलाष्टकांचा एकही फोटो नाही. तेव्हा पटलं, कॅमेरे दोन हवेत. २००९ मध्ये चुलत भावाच्या लग्नात तब्बल अठराशे फोटो निघाले. एकच हार्ड डिस्क होती, ती बंद पडली. अठराशे गेले, १९६७ चे चोवीस आहेत. कारण ते कागदावर आहेत!

असो. मी वही घेऊन यादी करायला बसलो. पहिली गोष्ट उजेड. मुहूर्त गोरज आहे आणि मे महिन्यात आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. वरात वेळेवर आली असं वऱ्हाडात मी तरी पाहिलेलं नाही. म्हणून घरच्या माणसांचे फोटो साडेपाचलाच, अंगणातल्या उतरत्या उन्हात. दुपारी नको, सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. मांडवाचं वरचं कापड पांढरं, लाल-केशरी कापडाखाली सगळ्यांचे चेहरे भगवे होतात. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता टाकणारे पुढे घुसतात, तेव्हा कॅमेऱ्यासमोरची वाट मोकळी ठेवायला दोन भाचे नेमले. फोटोग्राफरसोबत सगळं गणगोत ओळखणारं एक माणूस दिवसभर हवं, आणि त्या पोरांना वेळेवर जेवण. फोटोंच्या दोन प्रती दोन घरांत. त्यातले निवडक शंभर कागदावर.

मग माणसांची नावं. आणि इथे पेन थांबलं.

नवरीचे वडील, माझा दादा, २०२१ च्या करोनात गेला. म्हणजे नवरीची आई, माझी वहिनी, आज आत्याआजीच्या जागी उभी आहे. तिला कुणी काही बोललेलं नाही. पण साखरपुड्याचे फोटो मी पुन्हा पाहिले. सहाशे फोटोंत वहिनी चार ठिकाणी आहे, चारही वेळा कडेला, हातात ताट.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. चांगलंच झालं. पण मांडवात माणूस आपणहून दोन पावलं मागे सरतं, त्याला कोणता ठराव पुढे आणणार? त्याचं नाव यादीतच लिहावं लागतं.

मी लिहिलं. १: नवरी आणि तिची आई, दोघीच. २: नवरीला हळद लावताना, आई पहिली.

वही वहिनीपुढे ठेवली. तिनं ती बराच वेळ वाचली. मला वाटलं, नाही म्हणेल. तिनं पेन मागून घेतलं आणि खालची एक ओळ खोडली. मी शेवटी 'पाठवणी, आई व मुलगी' असंही लिहिलं होतं.

"भाऊजी, हा नका घेऊ," ती म्हणाली. "तेव्हा रडून रडून माझं तोंड सुजलेलं राहते. पहिला सकाळीच घेऊन घ्या. मी लवकर तयार होते."

एक नंबरपुढे मी वेळ लिहिली आहे. सकाळी साडेसात.