महिला सरपंच आणि राजकीय हिंसा

राजकीय हिंसा, महिला लोकप्रतिनिधींवरील : निवडणूक लढवणाऱ्या, निवडून आलेल्या किंवा सार्वजनिक कामात उतरलेल्या बाईने आपला अधिकार वापरू नये म्हणून तिच्यावर होणारी जबरदस्ती. खून, मारहाण, बलात्काराच्या धमक्या, चारित्र्यावर शिंतोडे, घरच्यांना त्रास, बैठकीची सूचनाच न देणे, कोऱ्या कागदावर सही घेणे, राजीनामा लिहून घेणे हे सगळे यात मोडते. पुरुष पुढाऱ्यांवरही हल्ले होतात. पण तिथे भांडण सत्तेचे, जमिनीचे किंवा पैशाचे असते. इथे खुर्चीवर बाई बसली, हेच खुपलेले असते. आंतरसंसदीय संघाने २०१६ साली ३९ देशांतल्या ५५ महिला खासदारांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ८१.८ टक्के जणींनी मानसिक छळ सोसल्याचे सांगितले आणि ४४.४ टक्के जणींना खून, बलात्कार, मारहाण किंवा अपहरणाच्या धमक्या आल्या होत्या. पाहणी लहान होती, पण बोलणाऱ्या बायका संसदेत बसणाऱ्या होत्या. गावपातळीवर ही हिंसा कशी चालते, हे कळण्यासाठी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जावे लागते. ही नोंद मुख्यतः तिथली आहे.

महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी १९९० साली ३० टक्के जागा राखल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली आणि देशभर किमान एक तृतीयांश सदस्यपदे व सरपंचपदे महिलांसाठी राखीव झाली. राज्यात हे प्रमाण २०११ मध्ये ५० टक्के झाले. बायका मात्र कायद्याची वाट पाहत बसल्या नव्हत्या. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या प्रेरणेने जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात १९८९ साली ग्रामपंचायतीच्या सगळ्या नऊ जागा बायकांनी जिंकल्या. पुढे आरक्षणाने खुर्ची राखली. तिच्यावर बसणारीला कोण राखणार, याची तरतूद कुणी केली नाही.

छळाची सुरुवात बहुधा सहीपासून होते. ग्रामनिधीचा व्यवहार सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त सहीने चालतो. म्हणजे बाईची सही नसेल तर गटाराचे बिल निघत नाही आणि सिमेंट रस्त्याच्या ठेकेदाराला पैसे मिळत नाहीत. म्हणून सही सर्वांना हवी असते, ती करणारी नको असते. पूर्वी धनादेश पुस्तिका घरी यायची. चुलीपुढून उठून, हात पदराला पुसून सही करायची. कशाचे पैसे, किती, कुणाला हे विचारायचे नाही. आता देयके डिजिटल स्वाक्षरीने निघतात. त्या स्वाक्षरीचे डोंगल नवऱ्याच्या खिशात नाहीतर संगणक परिचालकाच्या खणात राहिले की बाईला सही करण्यापुरतेही बोलवावे लागत नाही. जिने डोंगल मागितले, इतिवृत्त वाचून दाखवा म्हटले, तिच्याबद्दल गावात कुजबूज सुरू होते. ती अमक्याच्या गाडीतून तालुक्याला गेली, तमक्या साहेबाशी हसून बोलली. हे बोलणे घरापर्यंत पोचावे म्हणूनच केलेले असते. घरची माणसे मग गावाचे काम करतात आणि तिला उंबऱ्याच्या आत ठेवतात.

बाईच्या नावावर कारभार हाकणाऱ्या नवऱ्याला सरपंचपती म्हणतात. या प्रथेवर विचार करण्यासाठी केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने नेमलेल्या समितीने फेब्रुवारी २०२५ मधल्या अहवालात जरब बसेल अशा दंडाची शिफारस केली. हेतू योग्य आहे, पण शिक्षेसाठी तक्रार लागते. जिला त्याच घरात भाकरी थापायची आहे, ती नवऱ्याविरुद्ध लेखी अर्ज देईल, ही अपेक्षा फार मोठी आहे. शिवाय सगळा दोष नवऱ्यावर टाकला की ‘ताईंना कशाला त्रास, दादांनाच बोलवा’ म्हणणारे अधिकारी आणि ठेकेदार नामानिराळे राहतात.

ऐकत नसलेल्या बाईला घालवण्याचा जुना मार्ग अविश्वास ठरावाचा. सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस द्यायची, तहसीलदारांनी सात दिवसांत विशेष सभा बोलवायची, असा हा क्रम. महिला राजसत्ता आंदोलनासारख्या संघटनांनी असे ठराव महिला सरपंचांवर कसे लादले जातात हे वर्षानुवर्षे मांडले. राखीव पदावरच्या महिला सरपंचासाठी दोन तृतीयांशाऐवजी तीन चतुर्थांश बहुमताची अट आली, म्हणजे नऊ सदस्यांच्या पंचायतीत सहाऐवजी सात मते. वरकरणी फरक एका मताचा. पण फोडाफोडीत ते सातवे मत मिळवणे सगळ्यात अवघड असते. २०१७ पासून, मधला २०२० ते २०२२ हा खंड सोडता, सरपंच थेट गावकऱ्यांतून निवडला जातो. अशा सरपंचाविरुद्धचा ठराव सदस्यांनी मंजूर केला तरी त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान होते. ही तरतूद मोलाची आहे, कारण तिने निर्णय बंद खोलीतून चावडीवर आणला.

दार बंद झाले की खिडकी शोधतात. ती खिडकी म्हणजे अपात्रतेचा अर्ज. जातपडताळणीचा दाखला, शौचालयाचा वापर, १३ सप्टेंबर २००१ नंतरचे तिसरे मूल, सरकारी जागेवरचे अतिक्रमण, यांपैकी काहीही चालते. कायद्याची ही कलमे स्त्री-पुरुष दोघांना सारखीच लागू आहेत, पण दोघांवर सारखी पडत नाहीत. मुले किती व्हावीत हे ठरवण्याचा अधिकार अनेक बायकांना घरात मिळत नाही. सासरचे घर कुणी, कधी, कुठल्या जागेवर बांधले हे तिला लग्नाआधी कुणी सांगत नाही. कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमणात राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लावल्यावर नांदायला आलेल्या सुनेची बाजू आणखी लंगडी झाली.

याच मुद्द्यावरचे जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावचे प्रकरण नीट पाहण्यासारखे आहे. सरपंच बाई सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात, अशी तक्रार गावकऱ्यांनी केली. बाईंचे म्हणणे असे की ते घर राहण्याच्या लायकीचे उरलेले नाही आणि आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी ते कायम केले, उच्च न्यायालयात तांत्रिक कारणावरून याचिका टिकली नाही. २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने त्यांना पदावर परत बसवले. आपल्या वतीने एक बाई निर्णय घेणार हे गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही, असे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले आणि सरकारी यंत्रणेने तथ्य न तपासता यांत्रिकपणे आदेश काढल्याबद्दल खडसावले. या प्रवासात मारहाण नाही, शिवी नाही. प्रत्येक टप्प्यावर शिक्का, जावक क्रमांक आणि सुनावणीची तारीख आहे. कागदावरून झालेली ही हिंसा होती, आणि दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत किती सरपंच बायकांकडे असते?

बाई दलित किंवा आदिवासी असेल तर ही हिंसा कागदावर थांबत नाही. तमिळनाडूत २०२० साली तिरुवल्लूर जिल्ह्यातल्या आत्तुपाक्कम येथे दलित महिला पंचायत अध्यक्षाला स्वातंत्र्यदिनी झेंडा फडकवू दिला नाही. त्याच वर्षी कडलूर जिल्ह्यात दुसऱ्या एका अध्यक्षाला बैठकीत जमिनीवर बसवले गेले. अनुसूचित जाती-जमातींच्या पंचायत सदस्याला किंवा अध्यक्षाला कामात अडवणे, धमकावणे हा गुन्हा आहे, असे ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने लिहिले गेले. ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. निवडून आलेल्या व्यक्तीला काम करू न देणे हाच गुन्हा, असे नेमके सांगणारे हे कलम. इतर महिला लोकप्रतिनिधींसाठी असे कलम देशात नाही. त्यांनी धमकी, विनयभंग, मारहाण अशा सुट्या कलमांखाली फिर्याद द्यायची, आणि पोलिस ठाण्यात ‘हे तुमचे राजकारण आहे’ असे ऐकून परत यायचे.

बोलिव्हियाने ही उणीव कायद्याने भरली. तिथे १९९७ साली उमेदवारीत महिलांचा ३० टक्के वाटा ठरला, तेव्हा १९९९ च्या स्थानिक निवडणुकांत काही पुरुषांची नावे बायकी करून यादीत घुसवली गेली. पुढे निवडून आलेल्या बायकांवर मध्येच राजीनामा देऊन पर्यायी पुरुष सदस्याला जागा करून देण्याचा दबाव येऊ लागला. नगरसेविकांच्या अकोबोल या संघटनेने कायद्याचा मसुदा धरून दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. टिटिकाका सरोवराजवळच्या आंकोराइमेस येथील नगरसेविका हुआना किस्पे यांना राजीनाम्यासाठी छळले गेले, सभेत येण्यापासून अडवले गेले आणि मार्च २०१२ मध्ये त्यांचा खून झाला. २८ मे २०१२ रोजी २४३ क्रमांकाचा कायदा जारी झाला. स्त्रियांवरील राजकीय छळ आणि हिंसा हाच विषय असलेला हा जगातला पहिला स्वतंत्र कायदा मानतात. छळाला दोन ते पाच, शारीरिक किंवा मानसिक राजकीय हिंसेला तीन ते आठ वर्षे कैद. चुकीची माहिती देणे, बैठकीची खबर लागू न देणे, बोलू न देणे, खाजगी आयुष्य चव्हाट्यावर आणणे ही कृत्ये त्यात एकेक करून नोंदवली आहेत. तडजोडीला बंदी आहे. आपल्याकडच्या ‘गावातले गावात मिटवा’ या रिवाजाला तिथे वाव ठेवलेला नाही. कायद्याने छळ संपला नाही, खटले रेंगाळले. तरीही मेक्सिकोने एप्रिल २०२० मध्ये आणि ब्राझीलने ऑगस्ट २०२१ मध्ये आपापले कायदे केले.

बोलिव्हियाच्या कायद्यातली एक साधी तरतूद महाराष्ट्राने तातडीने उचलण्याजोगी आहे. पद सोडू पाहणाऱ्या बाईने राजीनामा निवडणूक यंत्रणेपुढे स्वतः हजर राहून द्यायचा. आपल्याकडे सरपंचाचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतींकडे लेखी जातो, आणि तो खरा की जबरदस्तीचा याबद्दल वाद असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्यास मुदत मिळते सात दिवसांची.