चिलखती टेहळणी गाडी, भारतीय पद्धतीची

शत्रूचा ठावठिकाणा, संख्या व हालचाली यांची माहिती मिळवून ती पिछाडीस त्वरित कळविण्यासाठी वापरण्यात येणारे, पोलादी पत्र्याने संरक्षित असे चाकांवर चालणारे लष्करी वाहन. पूर्वी हे काम हलक्या घोडदळाकडे असे. रणगाड्याच्या मानाने या गाडीचे चिलखत पातळ व शस्त्रसंभार हलका असतो. परंतु रस्त्यावरील वेग, कमी आवाज व इंधनाची बचत हे तिचे गुण होत. मूळच्या परदेशी गाड्या हिंदुस्थानातील हवामान, रस्ते व कारखाने यांना अनुरूप करून घेण्यात आल्या. अशा गाड्यांना ‘भारतीय पद्धती’च्या म्हणत.

आरंभीचे प्रकार : पहिल्या महायुद्धात १९१४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या विमानदलाने रोल्स-रॉइस प्रवासी मोटारीच्या सांगाड्यावर चिलखती गाडी बनविली. तिच्यावरून १९२१ मध्ये भारतीय पद्धती तयार झाली. तिचा बुरूज घुमटाकार असून त्यात मशिनगनसाठी चार ठिकाणी सोय होती. ही गाडी महाग पडत असल्याने पुढे क्रॉसली कंपनीच्या सांगाड्यावर तशाच घुमटाची गाडी बांधण्यात आली. उन्हाने तापलेल्या पत्र्याचा जाच कमी व्हावा म्हणून तिला आतून ॲस्बेस्टसचे अस्तर होते. १९३९ च्या सुमारास क्रॉसलीचे सांगाडे झिजून निकामी झाले. तथापि चिलखती पेटी सुस्थितीत होती. ती उचलून शेव्हरोले मालमोटारीच्या सांगाड्यावर बसविण्यात आली व भरीव धावांऐवजी हवा भरलेले टायर वापरण्यात आले. चिलखती पेटी व सांगाडा हे भाग परस्परांपासून अलग असल्यामुळेच हा बदल शक्य झाला.

घोडदळाचे यांत्रिकीकरण व दुसरे महायुद्ध : १९३८ मध्ये सिंद हॉर्स व तेरावी लान्सर्स या पलटणींनी घोडे सोडून वाहने स्वीकारली. महायुद्धामुळे ब्रिटनमधून तयार गाड्या मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा ‘भारतीय पद्धतीची चाकी चिलखती वाहिका’ निघाली. तिचा चारही चाकांना शक्ती पुरविणारा सांगाडा व एंजिन कॅनडातील फोर्ड कंपनीचे. चिलखती पत्रा जमशेटपूरच्या टाटा कारखान्यातील व बांधणी रेल्वे कर्मशाळांतील असे. यावरून तिला ‘टाटानगर’ हे नाव पडले. चिलखताची कमाल जाडी सु. १४ मिमी. असून ब्रेन मशिनगन व बॉइज रणगाडाभेदी रायफल ही तिची शस्त्रे होती. नंतरच्या काही प्रकारांवर लहान बुरूज आढळतो. १९४० ते १९४४ या काळात अशा ४,६५५ गाड्या तयार झाल्या. उत्तर आफ्रिका, इटली व ब्रह्मदेश येथील आघाड्यांवर भारतीय सैन्याने त्या वापरल्या. रायफलीची गोळी व तोफगोळ्याच्या कपच्या यांपासून त्या संरक्षण देत. रणगाड्याशी सामना देण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नव्हते. दिसावे कमी व पाहावे अधिक, हेच टेहळणी गाडीचे खरे संरक्षण होय.

स्वातंत्र्योत्तर काळ : ७ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळील शालटेंगच्या लढाईत सातव्या घोडदळाच्या डेमलर चिलखती गाड्यांनी टोळीवाल्यांच्या पिछाडीस जाऊन निर्णायक कामगिरी केली. पुढे भारतीय सैन्यात ‘फेरेट’ ही ब्रिटिश गाडी आली. तीही डेमलर कंपनीच्या महायुद्धकालीन ‘डिंगो’ या गाडीवरून विकसित झालेली असून तिचे उत्पादन १९५२ ते १९७१ पर्यंत चालले. फेरेटला स्वतंत्र सांगाडा नाही. चिलखती पेटीच सर्व भार वाहते. अशा रचनेत एका गाडीची पेटी दुसऱ्या सांगाड्यावर बसविण्याची जुनी युक्ती चालत नाही. संपूर्ण अभिकल्प स्वतः करणे हाच मार्ग उरतो.

अहमदनगरचे स्थान : अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे १९२४ मध्ये रॉयल टँक कोअरची शाळा आली. १९४८ मध्ये विविध प्रशिक्षण संस्था एकत्र करून येथे चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय स्थापन झाले. त्याच्या वतीने १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस चिलखती गाडी जतन केलेली आहे. लष्करी वाहनांची तपासणी करणारी, फाळणीपूर्वी चकलाला येथे असलेली संस्था याच शहरात आली व तिच्यातून वाहन संशोधन व विकास संस्था उभी राहिली. या संस्थेने टाटा मोटर्सच्या सहकार्याने आठ चाकी चिलखती वाहनाचा अभिकल्प केला. ते २०१४ मध्ये प्रथम प्रदर्शित झाले. २०२५ मध्ये मोरोक्कोत त्याच्या उत्पादनाचा कारखाना सुरू झाला. परदेशी सांगाड्यावर देशी पेटी चढविण्यापासून सुरू झालेल्या या परंपरेत, भारतीय अभिकल्पाचे वाहन परदेशात बांधले जाणे हा महत्त्वाचा टप्पा मानता येईल.

पहा : घोडदळ, रणगाडा.