दिनविशेष, २३ एप्रिल : सिंक्लेअर यांचा स्पेक्ट्रम

संगणक-साक्षरतेच्या योजनेसाठी बीबीसीने प्रतिस्पर्धी एकॉर्न कंपनीचे यंत्र पसंत केल्यावर, त्याहून पुष्कळ स्वस्त असा रंगीत संगणक बाजारात आणण्याची ज्यांना ईर्षा होती, त्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८२ साली आजच्या दिवशी लंडन येथे ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ जाहीर केला. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड, ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५. काटकसर हा तर सिंक्लेअर यांचा स्थायीभाव. मोठ्या यंत्रातील वरच्या ३२ किलोबाइटसाठी, अर्धा भाग निकामी ठरलेल्या चिप स्वस्तात घेऊन त्यांचा शाबूत भाग तेवढा वापरण्याची तजवीज त्यांनी केली होती.

रबराच्या ४० कळांवर आज्ञा अक्षराक्षराने टंकावी लागत नसे. ओळीच्या आरंभी ‘पी’ दाबताच ‘प्रिंट’ हा सबंध शब्द पडद्यावर उमटे. त्याच पडद्यावर मात्र आठ बिंदू लांब व आठ रुंद अशा प्रत्येक चौकटीत दोनच रंग मावत असल्यामुळे, खेळातील धावता नायक झाडापाशी आला की झाडाची हिरवाई बेलाशक त्याच्या अंगास चिकटे. प्रोग्रॅम साध्या कॅसेटवरून, कर्कश किंकाळ्यांसह, मिनिटेच्या मिनिटे उतरत राही. टपालाने मागणी नोंदविणाऱ्यांना दिलेली २८ दिवसांची मुदत कंपनीने सर्रास ओलांडली. तरीही यंत्राचा खप पुढे ५० लाखांच्या घरात गेला. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची ‘प्लस’ आवृत्ती १९८६ साली परवान्याने विक्रीस आणली.