जोडे, छत्री आणि मर्यादा

१/ २४ फेब्रुवारी १८८३. बंगालमधील श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी इंग्रजीत भाषण करीत होत्या. वैद्यकीय शिक्षणासाठी आपण अमेरिकेस का जात आहोत, हे सांगताना त्यांनी मुंबईतील शाळेच्या वाटेचे वर्णन केले.

२/ त्या निघाल्या की लोक भोवती जमून हसत. ओसरीवर ऐटीत बसलेले प्रतिष्ठित गृहस्थ वाटेल ते बोलत, खडे मारीत. दुकानदार त्यांना पाहून थुंकत. घरंदाज स्त्री शिकण्यासाठी पायी निघाली, एवढाच तिचा अपराध.

३/ तो काळ पोशाख बदलण्याचा होता. कचेरीत जाणारे पुरुष पगडी कायम ठेवून कोट आणि इंग्रजी बूट वापरू लागले होते. त्यांची थट्टा होई. वाट अडवली जात नसे. स्त्रीने मात्र जोडे घालून, छत्री घेऊन रस्त्याने चालणे हा उद्धटपणा ठरे. कारण या वस्तू मानाच्या खुणा होत्या. अस्पृश्य मानलेल्या जातींतील पुरुषांनाही गावात वरिष्ठांसमोर पायातले जोडे काढावे लागत, ते याच कारणाने.

४/ या दुटप्पी न्यायावर १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून घाव घातला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचे निमित्त करून वृत्तपत्रांत साऱ्या स्त्रीजातीला बोल लावला जात होता. जे दोष स्त्रियांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, हा ताराबाईंचा सवाल होता.

५/ आनंदीबाईंनी 'हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन' असा शब्द दिला होता. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पाय पुरते झाकले जात नसत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीचे नेसणे स्वीकारले. साडी सोडली नाही. १८८५ च्या एका छायाचित्रात जपानच्या के ओकामी आणि सीरियाच्या साबत इस्लामबूली यांच्यासह त्या आपापल्या देशाच्या वेशात दिसतात. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविशी गाठण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचा मृत्यू झाला.

६/ आनंदीबाई काय नेसतात, कशा चालतात, याचा हिशेब मुंबईपासून अमेरिकेपर्यंत मागितला गेला. ओसरीवरून खडे मारणाऱ्यांना मात्र कोणी मर्यादा शिकवली नाही. त्यांची प्रतिष्ठा अबाधित राहिली. पोशाखाचा नियम न्याय्य आहे की नाही, हे तपासताना आधी त्या ओसरीकडे पाहावे.