सूर्यकुलाबाहेरील ग्रहांचा शोध

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती भ्रमण करणाऱ्या ग्रहांना सौरबाह्य ग्रह म्हणतात. तारे हे दूरचे सूर्य असून त्यांनाही ग्रह असावेत, ही कल्पना जोर्दानो ब्रूनो यांनी १५८४ मध्ये मांडली होती. क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी सतराव्या शतकात असे ग्रह दूरदर्शकातून दिसतील काय, याचा विचार केला आणि ते दिसणे अशक्य आहे, असा निष्कर्ष काढला. प्रत्यक्ष वेधांवर आधारलेला पहिला दावा १८५५ मध्ये करण्यात आला. परंतु सूर्यासारख्या ताऱ्याभोवतील ग्रहाचा निर्विवाद पुरावा मिळण्यास १९९५ साल उजाडावे लागले. त्यानंतर तीस वर्षांत, म्हणजे सप्टेंबर २०२५ पर्यंत, निश्चित झालेल्या सौरबाह्य ग्रहांची संख्या ६,००० च्या वर गेली. पहिल्या १४० वर्षांतील दावे बहुतांशी चुकीचे ठरले. ते का चुकले, हे समजून घेतल्याशिवाय नंतरच्या यशाचे स्वरूप लक्षात येत नाही.

शोधातील अडचण : ग्रह स्वयंप्रकाशी नसतो. दृश्य प्रकाशात सूर्य हा गुरूच्या सु. एक अब्ज पट तेजस्वी आहे. त्यामुळे दूरच्या ताऱ्याजवळील ग्रह त्या ताऱ्याच्या झगमगाटात लोपून जातो आणि त्याचे अस्तित्व ताऱ्यावर होणाऱ्या परिणामावरून ताडावे लागते. तारा व ग्रह हे दोघेही त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. गुरूमुळे सूर्य सु. १२ वर्षांत एक लहानशी प्रदक्षिणा पुरी करतो व त्या गतीचा वेग सेकंदाला सु. १२·५ मी. असतो. पृथ्वीमुळे सूर्याला मिळणारा असा वेग सेकंदाला केवळ ९ सेंमी. आहे. ताऱ्याची ही हालचाल दोन प्रकारे मोजता येते. पहिल्या प्रकारात ताऱ्याचे आकाशातील स्थान किंचित बदलते, ते मोजतात. दुसऱ्या प्रकारात तारा आपल्याकडे येताना व दूर जाताना त्याच्या वर्णपटातील रेषा डॉप्लर परिणामामुळे सरकतात, त्यांवरून दृष्टिरेषेतील वेग काढतात. पहिल्या पद्धतीत निकटचे तारेच उपयोगी पडतात, कारण अंतर वाढेल तसे स्थानांतर कोनीय दृष्ट्या लहान होत जाते.

पहिले दावे : फ्रीड्रिख व्हिल्हेल्म बेसेल यांनी १८४४ मध्ये व्याध व प्रश्वा या ताऱ्यांच्या वाकड्यातिकड्या गतीवरून त्यांना अदृश्य सहचर असल्याचे अनुमान केले. १८४६ मध्ये गणिताने वर्तविलेल्या जागेजवळ नेपच्यून सापडला. न दिसणारा खस्थ पदार्थ गतीतील विसंगतीवरून शोधता येतो, असा विश्वास त्यामुळे निर्माण झाला.

याच पार्श्वभूमीवर पुण्याशी संबंधित असलेला एक प्रयत्न झाला. मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अभियंता विल्यम स्टीव्हन जेकब (१८१३–६२) यांनी १८४२ मध्ये पुणे येथे खाजगी वेधशाळा उभारली आणि तेथून युग्मताऱ्यांचे वेध घेऊन २४४ ताऱ्यांची यादी तयार केली. पुढे ते मद्रास वेधशाळेचे संचालक झाले. भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाचा तारा हा युग्मतारा असून त्याचे अंतर सु. १७ प्रकाशवर्षे व आवर्तकाल सु. ८८ वर्षे आहे. त्याच्या घटकांची निरीक्षित स्थाने गणिताने काढलेल्या कक्षेशी जुळत नव्हती. या विसंगतीचे कारण त्या कुलातील एखादा ग्रह असावा, असे जेकब यांनी १८५५ मध्ये प्रतिपादन केले. सौरबाह्य ग्रहाविषयीचा वेधांवर आधारलेला हा पहिला दावा समजला जातो. डोंगरावरील विरळ हवेत अधिक चांगले वेध मिळतील या हेतूने जेकब १८६२ मध्ये पुण्याकडे परतले, परंतु तेथे पोहोचताच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ॲल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क यांना व्याधाचा सहचर प्रत्यक्ष दिसला. बेसेल यांची विसंगती खरी ठरली. जेकब यांची मात्र वेधांतील त्रुटींतून उद्‌भवलेली होती.

याच ताऱ्याविषयी अमेरिकन ज्योतिर्विद टॉमस जेफर्सन जॅक्सन सी यांनी १८९० नंतरच्या दशकात ३६ वर्षे आवर्तकालाच्या अदृश्य सहचराचा दावा केला. फॉरेस्ट रे मोल्टन यांनी १८९९ मध्ये गणिताने दाखवून दिले की, असे त्रिकूट स्थिर राहू शकत नाही. येथे दावा खोडला गेला तो नव्या वेधांनी नव्हे, तर गतिशास्त्राच्या नियमांनी. ७० भुजंगधारीभोवती अद्याप एकही ग्रह निश्चित झालेला नाही.

बर्नार्ड ताऱ्याचे प्रकरण : विसाव्या शतकात छायाचित्रणामुळे स्थानमापन पुष्कळ सूक्ष्म झाले. अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयाच्या स्प्राउल वेधशाळेतून ६१ सेंमी. व्यासाच्या भिंगाच्या दूरदर्शकाने निकटच्या ताऱ्यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेण्यात येत. तेथील काय स्ट्रँड यांनी १९४३ मध्ये हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या युग्मताऱ्याला गुरूच्या सु. १६ पट वस्तुमानाचा सहचर असल्याचे जाहीर केले. तोही दावा पुढे टिकला नाही.

या वेधशाळेचे संचालक पेटर व्हान दे काम्प (१९०१–९५) यांनी १९३८ पासून बर्नार्ड ताऱ्यावर लक्ष केंद्रित केले. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी १९१६ मध्ये शोधलेल्या या मंद लाल ताऱ्याचे अंतर फक्त सु. ६ प्रकाशवर्षे असून त्याची निजगती वर्षाला सु. १०·३ विकला, म्हणजे सर्व ताऱ्यांत सर्वाधिक आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सु. एक-षष्ठांश असल्यामुळे ग्रहाचा परिणाम त्यावर ठळक दिसावा, अशी अपेक्षा होती. दोन हजारांहून अधिक काचांचे मापन केल्यावर १९६३ मध्ये व्हान दे काम्प यांनी गुरूच्या सु. १·६ पट वस्तुमानाचा व २४ वर्षे आवर्तकालाचा ग्रह जाहीर केला. १९६९ मध्ये त्यांनी एकाऐवजी दोन ग्रह मानले. अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून या ग्रहांचा निश्चित शोध म्हणून उल्लेख होत असे.

हा निष्कर्ष ज्या स्थानांतरावर उभा होता ते छायाचित्रण काचेवर सु. एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे होते. जॉर्ज गेटवुड व हाइन्रिक आइकहॉर्न यांनी १९७३ मध्ये अन्य वेधशाळांतील काचा तपासल्या. त्यांत असे कोणतेही आंदोलन आढळले नाही. त्याच वर्षी स्प्राउल वेधशाळेतीलच जॉन हर्शी यांनी दाखविले की, तेथील काचांवर इतर ताऱ्यांच्या स्थानांतही त्याच वर्षांत तशाच उड्या दिसतात. १९४९ मध्ये दूरदर्शकाच्या भिंगाची चौकट बदलण्यात आली होती व १९५७ मध्ये भिंगाचे समायोजन करण्यात आले होते. ग्रहाचे म्हणून जे आंदोलन मानले गेले ते वस्तुतः दूरदर्शकाचे होते. व्हान दे काम्प यांनी मात्र आपला दावा अखेरपर्यंत मागे घेतला नाही.

वर्णपटीय पद्धती : ओटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्ये सुचविले होते की, गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळून फिरत असेल, तर ताऱ्याच्या दृष्टिरेषेतील वेगात होणारा बदल तत्कालीन उपकरणांनीही मोजता येईल. सूर्यकुलात मोठे ग्रह सूर्यापासून दूर असल्यामुळे या सूचनेकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. वेगमापनातील मुख्य अडचण वर्णपटलेखकातील सूक्ष्म बदलांची होती. ब्रूस कॅम्बेल व गॉर्डन वॉकर या कॅनडातील शास्त्रज्ञांनी ताऱ्याच्या प्रकाशाच्या मार्गात हायड्रोजन फ्ल्युओराइड वायूची कुपी ठेवून तिच्या शोषणरेषा मोजपट्टीप्रमाणे वापरल्या आणि १९८० पासून हवाई बेटावरील दूरदर्शकातून वेध घेतले. १९८८ मध्ये त्यांना वृषपर्वा तारकासमूहातील गॅमा ताऱ्याजवळ ग्रह असल्याची चिन्हे दिसली. पण ती ताऱ्याच्याच पृष्ठभागावरील घडामोडींमुळे असावीत अशा शंकेने १९९२ मध्ये हा निष्कर्ष सोडून देण्यात आला. २००३ मध्ये तो ग्रह खरा असल्याचे सिद्ध झाले. व्हान दे काम्प यांच्या प्रकरणानंतर या विषयात बाळगली जाणारी सावधगिरी येथे पहिल्या शोधाच्या श्रेयाच्या आड आली, असे म्हणता येईल.

या पद्धतीची एक मर्यादा अशी की, कक्षेचा कल माहीत नसल्यास सहचराचे केवळ किमान वस्तुमान मिळते. डेव्हिड लेथॅम व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये एचडी ११४७६२ या ताऱ्याभोवती गुरूच्या किमान ११ पट वस्तुमानाचा सहचर नोंदविला. पुढे गाया उपग्रहाच्या वेधांवरून तो ग्रह नसून लहान तारा असल्याचे दिसून आले.

पहिले निश्चित ग्रह : ॲलेक्झांडर व्होल्शचान व डेल फ्रेल यांनी १९९२ मध्ये पीएसआर बी१२५७+१२ या पल्साराच्या स्पंदांच्या काळातील फरकांवरून त्याभोवती दोन ग्रह असल्याचे दाखविले. सर्वमान्य झालेले हे पहिले सौरबाह्य ग्रह होत. त्याच वर्षी जानेवारीत अँड्रू लाइन यांनी दुसऱ्या एका पल्साराभोवतीच्या ग्रहाचा आपला १९९१ मधील दावा जाहीरपणे मागे घेतला. पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रता गणितात नीट धरली न गेल्याने तो ग्रह भासला होता.

स्वित्झर्लंडमधील मिशेल मेयर व दीद्ये केलो यांनी फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत घेतलेल्या वेधांवरून ५१ पेगॅसी या सु. ५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे ६ ऑक्टोबर १९९५ रोजी फ्लॉरेन्स येथे जाहीर केले. ग्रहाचे किमान वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास आणि आवर्तकाल अवघा ४·२३ दिवस होता. जेफ्री मार्सी व पॉल बटलर यांनी लिक वेधशाळेतून काही दिवसांतच या शोधाला दुजोरा दिला. त्यांच्याजवळ अनेक वर्षांचे वेध साठलेले होते, परंतु मोठ्या ग्रहाचा आवर्तकाल दीर्घच असणार या समजुतीमुळे इतक्या अल्प आवर्तकालाचा शोध कोणी घेतला नव्हता. स्ट्रूव्ह यांची सूचना ४३ वर्षांनी खरी ठरली. मेयर व केलो यांना २०१९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून मिळाला.

अधिक्रमण पद्धती : ग्रह ताऱ्याच्या बिंबासमोरून जाताना ताऱ्याचे तेज किंचित घटते. एचडी २०९४५८ या ताऱ्याचे तेज सु. दीड टक्क्याने घटल्याचे १९९९ मध्ये आढळले. त्या ताऱ्याभोवतील ग्रह वेगमापनाने आधीच माहीत होता. दोन भिन्न पद्धतींनी एकच ग्रह आढळल्यामुळे उरलीसुरली शंका दूर झाली, तसेच ग्रहाची त्रिज्या व घनता काढणे शक्य झाले. केप्लर अवकाशयानाने (२००९–१८) या पद्धतीने २,६०० हून अधिक ग्रह शोधले, पण त्यांतील बहुतेक तारे फार दूरचे आहेत. २०१८ मध्ये सोडलेला टेस उपग्रह तुलनेने निकटच्या व तेजस्वी ताऱ्यांचे निरीक्षण करतो. भारतात अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी माउंट अबू येथील ‘पारस’ वर्णपटलेखकाने वेगमापन करून २०१८ मध्ये सु. ६०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ग्रहाचे वस्तुमान निश्चित केले.

अतिनिकटचे तारे : सूर्याला सर्वांत जवळच्या, ४·२४ प्रकाशवर्षे अंतरावरील प्रॉक्झिमा या लाल खुज्या ताऱ्याभोवती ११·२ दिवसांत फिरणारा, पृथ्वीच्या वस्तुमानाशी तुल्य असा ग्रह २०१६ मध्ये सापडला. त्याच कुलातील आल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याभोवती २०१२ मध्ये जाहीर झालेला ग्रह मात्र २०१५ मध्ये रद्द ठरला. वेध ज्या ज्या वेळी घेतले गेले त्या वेळांच्या क्रमातूनच तो आभास निर्माण झाला होता.

बर्नार्ड ताऱ्याचा शोध या काळातही चालू होता. २०१८ मध्ये सु. २० वर्षांच्या वेधांवरून २३३ दिवस आवर्तकालाचा ग्रह जाहीर झाला, परंतु ते संकेत ताऱ्याच्या स्वतःच्या परिवलनाशी व चुंबकीय घडामोडींशी निगडित असल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरील एस्प्रेसो वर्णपटलेखकाने ३·१५ दिवसांत प्रदक्षिणा करणारा ग्रह शोधला. ताऱ्याच्या वेगातील त्यामुळे होणारा फेरफार सेकंदाला केवळ सु. अर्धा मीटर होता. मार्च २०२५ मध्ये हवाई बेटावरील जेमिनाय नॉर्थ दूरदर्शकाच्या मरून-एक्स या स्वतंत्र उपकरणाने त्याला पुष्टी दिली व एकूण चार ग्रह निश्चित झाले. त्यांचे आवर्तकाल सु. २·३ ते ६·७ दिवस असून किमान वस्तुमाने पृथ्वीच्या सु. एक-पंचमांश ते एक-तृतीयांश आहेत. ताऱ्याच्या अगदी जवळ असल्याने ते जीवसृष्टीस योग्य नाहीत. व्हान दे काम्प यांनी मानलेल्या गुरूसारख्या ग्रहांना या वेधांत स्थान नाही. ज्या ताऱ्याला ग्रह असल्याचे त्यांनी मानले त्याला ग्रह आहेत, पण ते वेगळेच आहेत. त्यांच्या काचांवर ते उमटणे शक्य नव्हते.

मूल्यमापन : जेकब यांच्यापासून आतापर्यंत फसलेल्या दाव्यांत आकाशाऐवजी दूरदर्शकाचे, गणिताचे, वेधांच्या वेळांचे किंवा खुद्द ताऱ्याचे गुणधर्म ग्रहाच्या नावे नोंदले गेले. म्हणून निराळ्या वेधशाळेने, निराळ्या उपकरणाने व शक्य तर निराळ्या पद्धतीने दुजोरा दिल्यानंतरच ग्रह निश्चित मानण्याची प्रथा रूढ झाली आहे. व्हान दे काम्प यांनी वापरलेली स्थानमापनाची पद्धतीही त्याज्य ठरलेली नाही. २०१३ मध्ये सोडलेल्या गाया उपग्रहाने जानेवारी २०२५ पर्यंत वातावरणाबाहेरून ताऱ्यांची स्थाने मोजली आणि त्यांच्या आधारे, वेगमापनाच्या पुष्टीसह, गाया-४ बी हा ग्रह २०२५ मध्ये निश्चित झाला. पृथ्वीसारख्या ग्रहामुळे सूर्यासारख्या ताऱ्यात येणारा सेकंदाला ९ सेंमी. एवढा वेग खात्रीपूर्वक मोजणे हे या क्षेत्रातील पुढील उद्दिष्ट आहे. त्यात मुख्य अडथळा उपकरणांपेक्षाही ताऱ्याच्या पृष्ठभागावरील खळबळीचा आहे.