नखांची दंतकथा

कृत्रिम नखं बसवून झाली, आकार घासून झाला, रंगही लागला की नेल स्टुडिओत शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: ही चमक किती दिवस राहील? उत्तर असतं शेवटच्या थराच्या बाटलीत, म्हणजे टॉप कोटमध्ये. या बाटलीचं कुळ शोधायला निघालं तर पहिला पूर्वज भेटतो स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, आणि तो स्फोटक निघतो.

1840च्या दशकात ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज तयार केलं. सांडलेलं आम्ल त्याने बायकोच्या ॲप्रनने पुसलं आणि शेगडीजवळ वाळत घातलेला तो ॲप्रन क्षणात भडकून नाहीसा झाला, असं सांगतात. गोष्ट खरी की पदरची, यावर पैज लावू नये. तोफांना मात्र धूर न करणारी नवी दारू मिळाली. याच पदार्थाचा थोडा सौम्य प्रकार ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळतो, असं लवकरच लक्षात आलं. तो द्राव पसरला की द्रावक उडून जातो आणि मागे काचेसारखी पारदर्शक पापुद्री उरते. याला कोलोडियन म्हणत. डॉक्टरांनी ते जखमांवर लावलं, तर 1851मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर पसरून त्याच्यावर फोटो काढले.

नखांपर्यंत ही पापुद्री पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर नखं चमकवायची म्हणजे घासायची. टिन ऑक्साइडसारखी बारीक पूड लावायची आणि मऊ कातड्याच्या गादीने नख लखलखेपर्यंत रगडायचं. अमेरिकेत नॉर्दम वॉरनने 1911मध्ये नखाभोवतीची कातडी काढण्याचा द्राव विकायला सुरुवात केली. त्याच्या ‘क्युटेक्स’ने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास द्रवरूप पॉलिश आणलं आणि रगडण्याची मेहनत वाचवली. मोटारींच्या जगातही तेव्हा हेच चाललं होतं. जुने रंग वाळायला आठवडे लागत, म्हणून गाड्या कारखान्यातच अडकून पडत. ड्यूपाँचा नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्यूको’ रंग 1923मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर चढला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. गाडीचं बॉनेट आणि बाईचं नख एकाच घराण्यातल्या रंगाने चमकू लागलं. 1932मध्ये चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन या भावांनी चार्ल्स लॅकमन या रसायनतज्ज्ञाबरोबर ‘रेव्हलॉन’ काढली. नावातला ‘ल’ लॅकमनचा. त्यांचं पॉलिश झिरझिरीत नव्हतं, दाट आणि अपारदर्शक होतं.

दाट रंगाने एक अडचण आणली. रंगात रंगद्रव्याचे कण असतात आणि ते पृष्ठभाग किंचित खडबडीत करतात. त्यावर पडलेला प्रकाश विखुरतो आणि चमक मंदावते. म्हणून वरून एक बिनरंगी थर द्यायची पद्धत रुळली. नखाला चिकटून राहणाऱ्या बेस कोटमध्ये रेझिन जास्त असतं. टॉप कोटमध्ये नायट्रोसेल्युलोज जास्त, कारण कडक, गुळगुळीत पृष्ठभाग तेच देतं. नुसतं नायट्रोसेल्युलोज ठिसूळ असल्याने त्यात लवचीकपणा आणणारं द्रव्यही घालावं लागतं. वर्षानुवर्षं हे काम डायब्युटिल थॅलेट करत होतं. युरोपने 2004मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून त्याला हद्दपार केलं.

इतकं करूनही हा थर फक्त वाळतो. त्यात कुठलीही नवी रासायनिक गाठ बसत नाही. रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात आणि योग्य द्रावक मिळाला की पुन्हा सुट्या होतात. रिमूव्हरच्या बोळ्याने पॉलिश सहज निघतं ते यामुळेच. आठवडाभर भांडी घासली की कडेचे टवके उडतात तेही यामुळेच.

गाठ मारायची विद्या आली दंतवैद्याकडून.

कवळ्यांसाठी ॲक्रिलिक 1930च्या दशकातच वापरात आलं होतं. पूड आणि द्रव एकत्र केले की पुडीतलं बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि द्रवातलं अमाइन मिळून क्रिया सुरू करतात आणि बाहेरून उष्णता न देताही लगदा घट्ट होतो. सांगतात ते असं की, 1954मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याचं नख कामात तुटलं. त्याने बोटाखाली धातूचा पातळ पत्रा धरला आणि दवाखान्यातल्या ॲक्रिलिकने नखाचा तुटका भाग पुन्हा घडवला. पुढे हा धंदा वाढला, पण मिथाइल मेथाक्रिलेटचा द्रव अंगाशी आला. त्याने बनलेलं नख इतकं कडक असे की धक्का बसला तर ते तुटायच्या आधी खालचं खरं नख उखडे. 1970च्या दशकात तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उत्पादनांवर कारवाई केली आणि एथिल मेथाक्रिलेटने जागा घेतली.

दातांचं सामान विकणाऱ्यांना गिऱ्हाईक बदलल्याचं कळायला मात्र वेळ लागला. जॉर्ज शेफरने 1981मध्ये कॅलिफोर्नियात ‘ओडॉन्टोरियम प्रॉडक्ट्स’ ही दंतसाहित्याची छोटी कंपनी घेतली. कवळीचं ॲक्रिलिक आसपासच्या नेल सलूनमध्ये जातंय, हे ध्यानात आल्यावर त्याने आणि सूझी वाइस-फिशमनने नखांसाठीच पूड, द्रव आणि प्रायमर बनवले. तिन्ही बाटल्या रबर बँडने बांधून विकल्या. ती कंपनी म्हणजे आजची ‘ओपीआय’. स्टुअर्ट नॉर्डस्ट्रॉम हाही दंतवैद्यच. त्याने 1979मध्ये काढलेली ‘क्रिएटिव्ह नेल डिझाइन’ पुढे ‘सीएनडी’ झाली.

तिसरी देणगीही दाताच्या खुर्चीतलीच: प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन. अतिनील किरणांनी कडक होणारं फिलिंग 1970च्या दशकात आलं आणि दहाएक वर्षांत तसं जेल नखांवर चढलं. सुरुवात फसली, कारण दिवा एका तरंगलांबीचा आणि जेलला हवी दुसरीच, असा घोळ असे. 2010मध्ये सीएनडीने ‘शेलॅक’ आणलं. नाव लाखेचं, आत लाख नाही. पॉलिशसारखं ब्रशने लावायचं, दिव्याखाली धरायचं, दोनेक आठवडे चमक शाबूत. 2013मध्ये ही कंपनी रेव्हलॉनच्याच ताब्यात गेली, म्हणजे जुनं आणि नवं पॉलिश एका छपराखाली नांदू लागलं.

जेलमध्ये रेणूंचं सलग जाळं विणलं जातं. द्रावकाने ते फुगतं, पण सहज विरघळत नाही. कृत्रिम नखांवर चमक टिकवायची तर साधा टॉप कोट आणि जेल टॉप कोट यांत जेल सरस ठरतो तो या जाळ्यामुळे. तरी महागडी बाटली म्हणजे पक्की चमक, असं नाही. खरं नख वाकतं, त्यामुळे त्यावर लवचीक टॉप कोट हवा. ॲक्रिलिकचं नख फारसं वाकत नाही, तिथे कडक थर चालतो. उलटापालट केली तर बारीक तडे जातात. साधं पॉलिश पुरतं न वाळता त्यावर जेल चढवलं तर खाली अडकलेला द्रावक थर सोलून काढतो. आणि ॲक्रिलिकवरचं साधं पॉलिश बदलताना ॲसिटोन नसलेला रिमूव्हर घ्यावा, कारण ॲसिटोन नखालाच मऊ करतो.

दिव्याखालून काढलेलं जेल कधी वरून चिकट लागतं. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरची क्रिया रोखतो, म्हणून तो थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो. ‘नो-वाइप’ टॉप कोटमध्ये ही कटकट नाही. अर्धकच्चं जेल कातडीवर राहू देणं मात्र वाईट. मेथाक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की पुढे दाताचं फिलिंग करतानाही ती आडवी येऊ शकते. घरच्या घरी जेल लावणाऱ्यांनी बोटांच्या कडांकडे चमकेहून जास्त लक्ष द्यावं.

आपल्याकडे टॉप कोटची आणखी एक परीक्षा असते, ती हळदीची. फोडणीत हात घालणाऱ्या किंवा लग्नघरात हळद लावणाऱ्या बाईच्या पांढऱ्या टोकांची नखं पिवळी होतात, मग जाहिरात काहीही म्हणो. हळदीतलं करक्युमिन उन्हात विटतं, त्यामुळे हा डाग हळूहळू फिका होतो. साध्या टॉप कोटचं पिवळेपण वेगळं. तिथे नायट्रोसेल्युलोज स्वतःच काळ आणि उजेडाने पिवळं पडतं. ते उन्हात धरलं तर वाढेल, म्हणूनच बाटलीत किरणं शोषणारं द्रव्य मिसळलेलं असतं.

ताजा गोंधळ आहे टीपीओचा. दिव्याचा प्रकाश शोषून जेल घट्ट करायला सुरुवात करून देणारं हे द्रव्य. प्रजननक्षमतेला घातक मानलं गेल्याने युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. तिथल्या सलूनना शिल्लक बाटल्याही वापरता येईनात आणि बऱ्याच उत्पादकांनी टीपीओ-एलसारखे पर्याय घेतले. दातांच्या काही फिलिंगमध्येही टीपीओ असतं. त्यांना ही बंदी लागू नाही, कारण फिलिंग वैद्यकीय साधनांच्या कायद्याखाली येतं. जेल टॉप कोट विकत घेताना बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायला आता एक कारण वाढलं आहे.