वांगं आपलं, हायब्रिड जपानचं: आजीच्या डबीतलं बी

आजच्या भागात वांगं. हो, तेच, जे मेसच्या डब्यात दिसलं की तुम्ही झाकण परत लावता. पण ऐका, मिरची, बटाटा, टोमॅटो हे सगळे पोर्तुगीजांनंतर आलेले पाहुणे. वांगं मात्र इथलंच.

किती जुनं? आमच्या शिरूर तालुक्यातलं इनामगाव डेक्कन कॉलेजनं खणलं, हे शाळेत वाचलं असेल. त्याच डेक्कन कॉलेजनं हरियाणात फरमाना नावाचं हडप्पाकालीन गाव खणलं. तिथल्या मडक्यांवर आणि माणसांच्या दातांवर स्टार्चचे बारीक कण मिळाले. आलं, हळद आणि वांगं! म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीचा स्वयंपाक.

इथून वांगं दोन्हीकडं पसरलं. पश्चिमेला संस्कृत ‘वातिंगण’चं फारसीत ‘बादिंगान’ झालं, पोर्तुगीजांकडं ‘बेरिंजेला’, आणि तेच ‘ब्रिंजल’ होऊन परत आपल्याकडं आलं. पूर्वेला ते चीनमार्गे जपानला गेलं. आठव्या शतकातल्या जपानी कागदपत्रांत त्याची नोंद आहे. तिथं त्याला ‘नासू’ म्हणतात. क्योटोचं ‘कामो नासू’ गोल गरगरीत, दक्षिणेकडची वांगी लांबसडक. नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा किंवा वांगं दिसलं तर शुभ, असं जपानी लोक मानतात. आपल्याकडं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा, त्यांच्याकडं थेट स्वप्नात वांगं!

आता खरा ट्विस्ट. १९२४ मध्ये जपानच्या सायतामा प्रांतातल्या शेती संशोधन केंद्रानं वांग्याचं हायब्रिड बी शेतकऱ्यांपर्यंत पोचवलं. भाजीपाल्यातलं हे जगातलं पहिलं हायब्रिड मानलं जातं. वांगंच का? कारण एका फुलावर हातानं परागकण लावले की एका फळात शेकडो बिया मिळतात. दोन वेगळ्या जातींचा संकर केला की पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी येते. मात्र तिचं बी धरलं तर पुढची पिढी विस्कटते. आमच्या भाषेत सांगायचं तर सबस्क्रिप्शन! दरवर्षी नवं बी विकत घ्या.

हे मी पुस्तकात वाचलं नाही, परसात शिकलो. वर्क फ्रॉम होम होतं तेव्हा हौसेनं लांब जपानी वांग्याचं पाकीट मागवलं. झाडं झकास आली. साल पातळ, बिया कमी, कडवटपणा नाही. तव्यावर तेल-मीठ टाकून परतलं की लोण्यासारखं. आजीनं चव घेतली अन् म्हणाली, “ग्वाड हाय, पण ह्यात मसाला कुठं भरू?”

तिचं वांगं म्हणजे मांजरी गोटा. गोल, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे. पुणे-दौंड गाडी ज्या मांजरीवरून जाते, तेच नाव. दौंडची मामी भरली वांगी करते ती याचीच. मसाला आत राहतो, वांगं मोडत नाही.

पुढच्या वर्षी मी शहाणपणा करून जपानी वांग्याचं बी धरलं. एक झाड लांब वांग्याचं, एक बुटक्या, एक कडू! आणि त्या नादात दोन हंगाम गोटा लावलाच नव्हता. आजीच्या डबीत राखेत ठेवलेल्या बारा बिया उरल्या होत्या. पेरल्या. उगवल्या तीन.

तीन रोपं! रोज सकाळी स्टँडअपच्या आधी अळी बघायचो. शेंडा पोखरला की तेवढा खुडून टाकायचा. एक फळ पिवळं होईपर्यंत झाडावरच ठेवलं. गर पाण्यात कुस्करला, तळाला बसलेल्या बिया सावलीत वाळवल्या, राख लावून डबीत भरल्या.

हायब्रिड वाईट नाही. बाजारात एकसारखा, भरपूर माल लागतो, आमचे वडीलही तेच लावतात. पण चार हजार वर्षं हे बी कुणीतरी दरवर्षी आठवणीनं धरलं, म्हणून ते आजीपर्यंत पोचलं. आमच्या घरात ते माझ्यापाशी थांबणार होतं, फक्त दोन हंगामांच्या आळसानं.

आज घरी फोन करा. विचारा, कुठल्या भाजीचं बी आपण अजून घरी धरतो? उत्तर आलं तर चार बिया मागून घ्या. भेटू पुढच्या भागात!